पाटावरचा जर्मन कॅमेरा

जर्मन की जपानी, हा वाद आमच्या घरात गणपतीपासून पेटला होता. बाहेर गिरगावात मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून गल्लोगल्ली घसे फुटत होते, आणि आत स्टुडिओत बाबा आणि मी कॅमेऱ्यावरून भांडत होतो. स्टुडिओ आजोबांचा. त्यांच्या लाकडी कॅमेऱ्याचा भाता पार विरला होता, त्यातून उजेड शिरून प्रत्येक फोटोवर पांढरा पट्टा उमटायचा, तेव्हा कुठे बाबा नव्याला राजी झाले. "पसंती तुझी," असं चारचौघांत म्हणालेही. मी भोळा, मला ते खरं वाटलं.

फोर्टमधल्या एका पारशी दुकानदाराने ओळखीवर दोन्ही कॅमेरे नवरात्रात वापरून बघायला दिले. जर्मन होता दोन भिंगांचा, उभ्या डब्यासारखा. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत उजवीकडचा माणूस डावीकडे दिसायचा. बसलेल्या गिऱ्हाइकाला फर्स्ट क्लास, धावत्या माणसाला कुचकामी. जपानी थेट डोळ्याला लावायचा, शिवाय त्याला वेगवेगळी भिंगं बसायची. "पण एका कंपनीची लेन्स दुसरीला नाय बसते, डिकरा," दुकानदार म्हणाला होता. "एक वेळा लगन केला ते केला."

मला स्टुडिओतून बाहेर पडायचं होतं. बारसं, मुंज, पासपोर्ट, आणि गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो, हे करत केस पिकवायचे नव्हते. ठाकूरद्वारच्या नाक्यावर मोर्चा आला की मला त्यात शिरायचं होतं. जपानी घेऊन एकदा शिरलोही. एका गिरणी कामगाराचं घोषणा देताना उघडलेलं तोंड, मानेच्या ताणलेल्या शिरा, सगळं एका फोटोत आलं. ओला फोटो तसाच बाबांपुढे धरला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण विकत कोण घेणार? त्याची बायको?" आणि वर, "जपानी माल म्हणजे चावीची खेळणी रे." असा संताप आला म्हणून सांगू! मी घरात जाहीर करून टाकलं, मला जपानीच हवा, सण झाला की जर्मन परत.

खंडेनवमीला आमच्याकडे धंद्याच्या हत्यारांची पूजा. आईने मला सकाळी झेंडू आणायला भुलेश्वरला पिटाळलं. येऊन बघतो तर पाटावर कात्री, रिटचिंगचे ब्रश, आजोबांचा लाकडी कॅमेरा आणि मधोमध जर्मन. चामड्यावर हळदकुंकवाची बोटं, झाकणाच्या फटीत अक्षता. जपानी कपाटात, बंद.

"बाबा, हा परत द्यायचाय!"

"पूजलेली वस्तू परत देतात का?" बाबांनी उदबत्ती ओवाळत विचारलं, अगदी शांतपणे.

"पुसून देऊ. त्या पारशाला काय कळतंय?"

"त्याला नाही कळणार. आपल्याला कळतंय ना?"

मी आईकडे बघितलं. तिचे हात जोडलेले. "सणासुदीचं शुभ बोल रे," एवढंच म्हणाली. मी फुलांचा पुडा आपटला, आणि मग एकेक फूल वेचून पाटावर ठेवलंसुद्धा. काय करणार? बापाशी भांडता येतं, देवाशी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला कोंडलं होतं, तेही उदबत्ती ओवाळून.

दसऱ्याला नवे कपडे घालून सहकुटुंब फोटो काढायची गिरगावकरांना हौस. दुपारी पहिलं कुटुंब येऊन खुर्च्यांवर बसलं. बाबा पुढे झालेच नाहीत. त्यांनी जर्मन माझ्या गळ्यात घातला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन पाय पसरून बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सुटलो गं बाई एकदाचा," ते आईला म्हणाले. "माझ्या बापाने हे माझ्या गळ्यात मारलं, तेव्हा मीही असाच फुरंगटलो होतो."

रस्त्यावरून माणसं घोषणा देत चालली होती. खुर्च्यांवरची पोरं वळून तिकडे बघायला लागली. मी मान खाली घालून काचेत बघितलं.

"हलू नका," मी म्हणालो.