खाडीची भरती आणि दोन साइन

मंडळी, इंचाइंचाच्या खुणांचा बांबू, छत्रीच्या काडीचा कंपास आणि बेलापूर खाडीच्या भरती-ओहोटीचा आलेख, या तिन्ही वस्तू मी स्वतःच्या हातांनी केल्या. शाळा चौथीपर्यंत; त्रिकोणमिती रद्दीतल्या पुस्तकातून शिकलो.

आज सकाळी आपल्या वाचनालयात मुंबईचे एक प्राध्यापक आले. आलेख पाहून म्हणाले, "अहो, साइनच्या लाटा सारख्या उंचीच्या असतात. तुमची एक भरती मोठी, पुढची लहान. मोजताना चुकलात."

"चुकलो नाही, साहेब. कुठल्याही कोळ्याला विचारा. एक साइन पुरत नाही. बारा तास पंचवीस मिनिटांची एक घ्या, तिच्या दुप्पट वेळेची दुसरी, आणि बेरीज करा."

त्यांनी तिथेच करून पाहिली. जुळली!

आलेख गुंडाळून मी घरी आणला. तुम्ही दिला असता? स्वतःच्या नावाने छापायला ते रोख दोनशे रुपये देत होते.