बारा वाजता ओडीलबाई

नॅकटिशमध्ये दुपारी बाराला कुणी कुणाशी बोलत नसे. रेडिओवर ओडील लकूर गेलेल्यांची नावं वाचायची. न्हाव्याची कात्री थांबायची, मीट पायच्या दुकानात तळणीतल्या खिम्याच्या करंज्या बाहेर निघायच्या आणि सगळे कान टवकारून बसायचे. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

आमच्या गावाचं नाव कागदावर लांबलचक आणि तोंडात आटोपशीर, नॅकटिश. बाहेरचा माणूस अक्षरं लावत ‘नॅचिटोचेस’ म्हणतो आणि फसतो. कुणी हसत नाही, पण त्याला गावातली आतली गोष्ट सांगायची की नाही, ते तिथल्या तिथे ठरतं.

ओडीलबाईंची कामाची रीत ठरलेली. मेलेल्याच्या घरचं माणूस चिठ्ठी घेऊन आलं की त्या चिठ्ठी बाजूला ठेवायच्या. "तू म्हण, मी ऐकते," म्हणायच्या. मग ते नाव स्वतः म्हणून दाखवायच्या आणि घरच्याने मान डोलावेपर्यंत सोडायच्या नाहीत. आमची क्रिओल नावं, जुन्या फ्रेंच वळणाची, एकाच आडनावाची नदीच्या दोन काठांवर दोन रूपं. माणसाचं शेवटचं नाव त्याच्या आईने हाक मारली तसंच निघालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

यादी संपली की फोन वाजायचा. ब्याण्णव वर्षांचे आल्सीद सार्पी.

"ओडील, आज माझं नाव नाही ना?"

"नाही, काका."

"बरं. मग जेवतो."

हा फोनही गावभर ऐकू जायचा आणि मगच गाव जेवायला बसायचं.

मग डॅलसच्या कंपनीने स्टेशन घेतलं आणि ब्रेंट हॉलिस्टर नावाचा नवा मॅनेजर आला. पोरगा वाईट नव्हता, घाईत होता. त्याने ओडीलबाईंना फुलांचा गुच्छ दिला, आभार मानले आणि त्यांची जागा यंत्रातल्या आवाजाला दिली. बाई गुच्छ घेऊन घरी आल्या, तो मोरीत टाकला आणि हमसून हमसून रडल्या. नवरा गेला तेव्हाही त्यांनी दुसऱ्या दिवशी माइक सोडला नव्हता. आता बाराला करायचं काय, हेच त्यांना कळेना.

पहिल्याच दिवशी यंत्राने युलाली प्रुडोम वाचली. गावातल्या निम्म्या लोकांना शिकवलेली बाई ‘नॅचिटोचेस येथील’ झाली, आणि तिच्या नावाचं तर भरीत झालं. तासाभरात तिची मुलगी व्हर्ना ओडीलबाईंच्या दारात.

"माझ्या आईला परत वाच. त्या डबड्याने तिला परकी करून टाकलं गं!"

"अगं, माझ्याकडे आता माइक कुठाय?"

"तोंड आहे ना?"

दुसऱ्या दिवशी बाराला ओडीलबाई मीट पायच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. युलालीचं नाव नीट निघालं. रस्त्यात माणसांनी टोप्या काढल्या.

त्यानंतर घरोघरच्या चिठ्ठ्या पायरीकडे वळल्या. लोकांनी अंत्यविधीवाल्यांना बजावलं, स्टेशनला आमचं नाव कळवायचं नाही. ठराव नाही, सभा नाही, पण एक नाव फुटलं नाही. यंत्र रोज बाराला म्हणायचं, ‘आज कोणतीही नोंद नाही.’ असे अकरा दिवस गेले. आल्सीद काकांनी फोन करणंच सोडलं. "यंत्राला काय विचारू? ओडील परत बसेपर्यंत मी मरत नाही," असं त्यांनी न्हाव्याकडे जाहीर केलं.

शेवटी ब्रेंटने एका अंत्यविधीवाल्याला गाठलं. "अहो, या गावात माणसं मरतात की नाही?"

"मरतात की. तुमच्याकडे नाही मरत."

त्या संध्याकाळी तो ओडीलबाईंच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला. त्या मीट पायची पारी लाटत होत्या.

"मॅडम, चुकलं माझं. उद्यापासून तुम्ही या."

"कुठे येऊ?"

"स्टेशनवर."

"कुठल्या गावच्या?"

तो लाल झाला. पहिल्यांदा अडखळला, दुसऱ्यांदा अर्धं गिळलं.

"घाई करू नकोस. मी म्हणते, तू ऐक," बाई म्हणाल्या आणि म्हणून दाखवलं.

तिसऱ्यांदा तो नीट म्हणाला, "नॅकटिश." बाईंनी पिठाच्या हाताने त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "बस. आता जेवूनच जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माइकसमोर चष्मा पुसला. "नॅकटिश, दुपारचे बारा," एवढंच म्हणून त्या पुढे वाचू लागल्या. पायरीवर वाचलेली सगळी नावं त्यांनी पुन्हा वाचली, युलालीपासून. सात नावं झाली. न्हाव्याकडे कुणीतरी टाळी वाजवली, मग रस्ताभर टाळ्या झाल्या. मेलेल्यांच्या यादीला टाळ्या मी त्याच दिवशी ऐकल्या.

ओडीलबाईंनी कागद खाली ठेवला, पण माइक बंद केला नाही. फोनकडे बघत बसल्या. ब्याण्णवाच्या माणसाचा काय भरवसा. ब्रेंट काचेपलीकडे उभा होता. गावात एकही चमचा उचलला गेला नव्हता.

फोन वाजला.

"ओडील, आज माझं नाव नाही ना?"

"नाही, काका," त्या म्हणाल्या.

"बरं. मग जेवतो. अकरा दिवस अन्न गोड लागलं नाही."