चनमल्लप्पांची भीमेवरची गाडी

आमचे शेजारी चनमल्लप्पा एष्टीत ड्रायव्हर होते, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्याला म्हणतात, "जरा फुडं सरका, मागं गर्दी हाय." सगळी नोकरी त्यांनी गाडीला ओरखडा न पाडता केली. हे ते कुणी विचारायची वाट न बघता सांगतात. मी चहाला जातो तेव्हा हमखास ऐकतो. चहा बरा असतो म्हणून परत जातो.

त्यांचं रान दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. अलीकडं बंधाऱ्याला पाणी अडवायला लागले तसा रानाच्या वाटेवरचा ओढा फुगला आणि हिवाळ्यात रानाचं बेट व्हायला लागलं. वाटेकरी भिमा तिकडंच वस्तीला असतो, त्याला फिकीर नाही. गुळाच्या काहिलीत बसतो, हातानं पाणी मारतो आणि गरागरा फिरत का होईना, गावाकडच्या काठाला लागतो. पण शिवबाईंनी काय करायचं?

शिवबाई म्हणजे चनमल्लप्पांची बायको, आणि येळवस म्हणजे शिवबाईंचा जीव. मार्गशीर्षातल्या अमावास्येला उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आंबील रानभर शिंपडायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. नवी नवरी होऊन आल्यापासून शिवबाईंनी ही पूजा रानातच केली होती. गेल्या साली मात्र पाणी आडवं आलं आणि येळवस झाली सोलापुरात, घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीला. मी भज्जी परत परत मागून घेतली. शिवबाईंनी घास तोंडात घातला नाही.

"फुडल्या साली रानात," त्या म्हणाल्या. "न्हायतर चूलच पेटवणार न्हाय मी."

"रानातच," चनमल्लप्पा म्हणाले. "माजा शब्द हाय."

थंडी सरायच्या आत चनमल्लप्पांनी उजनीच्या मच्छीमारांकडून एक जुनी पत्र्याची नाव घेतली आणि टेंपोत घालून आणली. सोलापूरचा हमरस्ता सोडून टेंपो करकंबवरनं फिरवला. मला म्हणाले, "तितं चहा झकास मिळतो." खरी गोष्ट सून काव्यानं सांगितली. काव्या वैरागची, बँकेत नोकरी करते आणि सासऱ्याची एकही गोष्ट माझ्यापासून लपवत नाही. ती म्हणाली, "चहा कसला, काका! जुन्या रूटवरच्या प्रत्येक हॉटेलात टेंपो थांबवून नाव दाखवली मामांनी."

नाव पाण्यात उतरली आणि पंचाईत झाली. भिमानं चनमल्लप्पांना बसवलं, हातात वल्ही दिली. बघतात तर जायचं तिकडं पाठ!

"भिमा, हे कसलं रं? रस्ता मागं आन ड्रायव्हरचं तोंड डेपोकडं?"

"नाव अशीच ओढत्यात, मालक."

मालकांना पटेना. उलटे बसले तर वल्ही ढकलावी लागायची आणि नाव जागची हलायची नाही. सुलटे बसले तर दर हिसक्याला मान मागं वळायची. आठवड्याभरात मान धरली आणि गळ्याला पट्टा आला. मग हा गृहस्थ सोलापुरात ट्रकच्या दुकानात गेला आणि मोठा साईड-आरसा आणून नावेच्या कडेला नटबोल्टनं बसवून टाकला. काठावर अर्धं गाव जमलं. नाव जोरात निघाली आणि तेवढ्याच जोरात आरशातल्या बाभळीला चुकवायला म्हणून खऱ्या बाभळीत घुसली.

"ओरखडा धरायचा का न्हाय?" मी काठावरनं विचारलं.

"सिद्रामप्पा, तुमी उतारूंनी बोलायचं काम न्हाय!"

चैत्रात ओढा आटला. नाव त्याच बाभळीखाली उपडी पडली आणि शेळ्या तिच्यावर चढून पाला खायला लागल्या. पावसाळ्यात भीमा लाल होऊन फुगली तेव्हा चनमल्लप्पा पहिल्या गाडीनं गावात जायचे, नावेचा दोर तपासून संध्याकाळी परत यायचे. दिवाळीनंतर ओढा भरला आणि सराव पुन्हा सुरू झाला. शिवबाई डबा घेऊन काठावर बसायच्या आणि नवऱ्याला कानडी-मराठी मिसळून शिव्या घालायच्या. चनमल्लप्पा जेवले की सावलीला आडवे व्हायचे आणि घोरायला लागायचे. ते घोरत असताना काय चालायचं ते भिमानं मला सांगितलं होतं. ती गोष्ट मी कुणाला बोललो नाही. माझ्या पोटात गोष्ट टिकली, हे त्या वर्षातलं मोठंच आश्चर्य म्हणायचं.

येळवस उजाडली आणि धुकं असं पडलं, की काठावर उभं राहून पाणी दिसेना. काव्याकडं उंड्यांची टोपली, माझ्या मांडीत आंबिलीचं गाडगं. आरशावर दव साचलेलं. चनमल्लप्पांनी वल्ही हातात घेतली आणि खाली ठेवली.

"दिसत न्हाय. असल्यात उतारू घिऊन मी कदी गाडी काडली न्हाय."

"मामा, थोडं थांबू या. धुकं उठंल की," काव्या म्हणाली.

"आन नाय उठलं तर?" शिवबाई म्हणाल्या. "नैवेद्य काय सांजच्याला दावू?"

मग शिवबाईंनी पदर खोचला. "अवं, उठा तितनं. फुडं जाऊन बसा."

"आन वल्ही?"

"मी मारते. तुमी झोपला की रोज मारतीया."

चनमल्लप्पांनी भिमाचं नाव घेऊन एक कानडी शब्द उच्चारला, माझ्याकडं बघितलं, मी गाडग्यात बघितलं. स्वतःची सीट दुसऱ्याला देणं हे त्या माणसाच्या जन्मात घडलेलं नव्हतं. ते उठले, नाव डुगडुगली, आणि ते पुढच्या टोकाला तोंड करून बसले.

शिवबाईंनी पहिला हिसका दिला तशी माझी आंबील हिंदकळली. जन्मभर भाकरी थापलेले हात ते! पलीकडनं भिमा काहील बडवत होता, आवाजावरनं काठाचा अंदाज येत होता. चनमल्लप्पा धुक्यात डोळे फाडून बघत होते.

"डावं मार. माजं डावं न्हवं, तुजं! बास. आता सरळ. लई झ्याक!"

वाळूला नाव घासली आणि समोर ज्वारीची कणसं दिसली.

पूजा वेळेवर झाली. आंबील रानभर शिंपडून होईतो धुकं उठलं आणि गावाकडच्या काठावर जेवायला आलेली माणसं दिसली. शिवबाई परत वल्ह्यांवर बसल्या. दुपार कलेपर्यंत खेपा चालू होत्या, आणि प्रत्येक खेपेला चनमल्लप्पा पुढं बसून उतारूंना सांगत होते, "आमच्या मंडळींनी शिकून घेतलंय. मला पत्ता न्हाय लागू दिला, काय समजलात! असला ड्रायव्हर एका डेपोत दाखवा मला."

सगळ्यांची जेवणं झाल्यावर शिवबाई खोपीपुढं बसल्या. चनमल्लप्पांनी स्वतः वाढलं आणि समोर उकिडवं बसून राहिले.

शिवबाईंनी पहिला घास घेतला.

"मीठ कमी पडलंय," शिवबाई म्हणाल्या आणि ताट पुढं केलं. "वाढा अजून."