डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर

तुमचे नाना गेल्याचं तुम्हां दोघांना फोनवर सांगितलं, तेव्हा एक गोष्ट मी सांगितली नव्हती. आज चाळीस दिवस झाले. आता सांगते.

साठच्या दशकात आम्ही कुवेतला होतो. शुवैख बंदरावर क्रेनचा दोर तुटला आणि नानांचा उजवा हात चिरडला. जखम भरली, पण आतल्या नसा जळत राहिल्या. पंख्याचा वारासुद्धा त्यांना सोसत नसे. जूनच्या उकाड्यात आम्ही पंखा बंद ठेवून बसायचो. तुमची आई तेव्हा दोन वर्षांची. ती त्यांच्याकडे धावली की मी मध्येच तिला उचलून घ्यायची.

मग एका परदेशी डॉक्टरांनी नवं औषध सुचवलं, एलएसडी. पुढे ते नशेपायी बदनाम झालं. तेव्हा काही डॉक्टर ते असल्या दुखण्यावर देऊन पाहत होते. नानांचं इंग्रजी बंदरावरच्या कामापुरतं, म्हणून दुभाषी मी.

औषध सकाळी दिलं. दोनेक तासांनी नाना म्हणाले, "सकीना, पंखा लाव गो."

मी लावला. हात वाऱ्यात धरून ते हसत राहिले. "दुखतंय, पन आज ता माझा नाय... आनि तू किती बरी दिसतेस गो! रोज काय होता तुला?"

दुपारी मात्र त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तू कोन?" आणि कधीच वारलेल्या आईला हाका मारत रडू लागले. परका मुलूख, पदरात लहान मूल... हा माणूस परत आलाच नाही तर?

संध्याकाळी ते सावरले. पुढचे काही दिवस दुखणं निम्म्यावर होतं. डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा घ्यायचं का? मी मराठीत सांगितलं. नाना लगेच म्हणाले, "हो, सांग त्यांना. उद्याच द्या म्हनावं."

मी डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "ही सेज नो."

एवढं इंग्रजी बंदरावर कुणालाही येत होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते उठून दाराकडे निघाले. टॅक्सीत फक्त म्हणाले, "घाबरलीस ना?" पुन्हा कधी विषय काढला नाही. ते औषधही पुढे मिळेनासं झालं. दुखणं शेवटपर्यंत राहिलं.

कापड हाताला लागू नये म्हणून त्यांच्या प्रत्येक नव्या शर्टाची उजवी बाही मी उसवून काढायची आणि इस्त्री करून डब्यात ठेवायची. परवा त्यांच्या निळ्या शर्टाला त्याचीच बाही परत लावायला बसले. शर्ट धुऊन धुऊन पांढुरका झालाय. बाही मात्र दुकानातून आणल्यासारखी निळी आहे.