रिकामी फेरी

फिटरची हयात विजेच्या गाड्यांच्या शेडमध्ये गेली, तीही गाड्यांच्या पोटाखाली. शहराच्या लेखी गाडी म्हणजे खिडक्या; त्याच्या लेखी मोटारी, ब्रेक आणि ग्रीस. घर शेडच्या भिंतीला लागूनच असल्यामुळे स्वतः गाडीत बसायची वेळ त्याच्यावर फारशी आली नाही. बसायची ती बायको. ती शिवणाच्या कारखान्यात कॉलरी लावायची आणि रोज नवऱ्याच्या हाताखालून गेलेल्या पिवळ्या गाडीने जायची-यायची. वाटेतल्या गच्च्या, कुणाच्या दोरीवर काय वाळतंय, कुणाकडे सकाळीच वाजलंय, सगळं तिला पाठ. संध्याकाळी ती वरचं सांगायची, तो खालचं. संसाराला विषय कमी पडला नाही.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी ती गाडीही भंगारात निघाली. निरोप समारंभ फक्त त्याचा झाला.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी बायकोला तपासलं आणि फिटरला बाजूला घेऊन सांगितलं, की नजर हळूहळू जाणार, फार तर वर्ष धरा. बाजूला घेऊन सांगितलेलं तिला अर्थातच ऐकू आलं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, की आपली पिवळी गाडी एकदा धावताना बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं. फिटर नुसता 'हूं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल पत्र्याने आणि कानशींनी भरलं आणि जेवणं मांडीवर आली.

खेळण्यातल्या गाड्या रुळांतून वीज घेतात. वरची तार दिसण्यापुरती. फिटरला ही शुद्ध बनवाबनवी वाटे. त्याने केसाएवढी तांब्याची तार ओढली आणि टेबलावरची छोटी पिवळी गाडी तिच्यावरच चालेल असं ठरवलं. रंग बायकोने पारखला. "हा फार नवा आहे," ती म्हणायची, "उन्हात उभा करून आणा." डबे तयार झाले तेव्हा तिने ते डोळ्यांजवळ धरून पाहिलेही. पण उभी गाडी ही तुमची, शेडमधली, असं तिचं म्हणणं. तिची ती धावती.

इथे शेडचा नियम आडवा आला. दुरुस्त झालेली गाडी आधी रिकामी पळवायची आणि एकूण एक खोड निघाल्याशिवाय प्रवासी घ्यायचा नाही. फिटरने तो नियम घरात लागू केला. बायको लेकीकडे गेली की तो गाडी पळवी. कधी वळणावर मागचा डबा हिसका देई, कधी तारेपाशी ठिणगी उडे, कधी रुळांचे सांधे खडखडत. तो पुन्हा कानस उचली.

लेक वैतागली. "बाबा, आई काही आत बसणार नाहीये."

"अजून पास नाही झाली."

"राहू दे गं," बायको म्हणाली. "लग्नाआधी मलाही असंच दोन वर्षं तपासत होते."

फिटरला घाई कळत नव्हती असं नाही. बायको भर दुपारी दिवा लावायला सांगायची, भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जायची, तेव्हा त्याची कानस जोरात चाले. पण तिने शेवटची पाहायची ती गाडी हिसके खाणारी असावी, हे त्याला पटेना. तिला किती दिसतं हे त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

अखेर एका सकाळी गाडी पास झाली. फिटरने बायकोला हाताला धरून टेबलाशी बसवलं आणि बटण दाबलं. पिवळी गाडी लोण्यातून निघाल्यासारखी निघाली, वळण घेऊन तिच्या पुढ्यातून गेली, परत आली, पुन्हा गेली. बायको मान जराशी कलती ठेवून, चेहरा हसरा करून बसली होती.

"मग," ती म्हणाली, "कधी सुरू करताय?"

सांधे त्याने इतके घासले होते, की गाडीला आवाजच उरला नव्हता.

तिने अंदाजाने हात पुढे केला. बोटं तारेत अडकली, तार तुटली आणि गाडी जागीच उभी राहिली.

"अहो, तुटलं का काही?"

"नाही," तो म्हणाला. "स्टेशन आलं."

त्याने तिची बोटं धरून डब्यावर टेकवली. ती एकेक खिडकी चाचपत गेली, एकीपाशी थांबली आणि बराच वेळ तिने तिथून हात काढला नाही.