दोन कुप्या, एक फडकं

“मावशी, झाकणं उघडली होती का?”

संशोधन करणाऱ्या आमच्या बाईंच्या हातात दोन कुप्या होत्या. दोन्हींत चिमूटभर पांढरी पूड, आणि दोन्हींवरची नावं गेलेली. पुसणारी मी. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं हे माझं काम. पाहुणे येणार म्हणून मी अ‍ॅसिटोनचं फडकं सगळीकडे फिरवलं होतं. मार्करची शाई त्याने जाते हे मला चांगलं माहीत होतं. तरी फिरवलं.

“उघडली. कडा पुसल्या.”

“एकाच फडक्याने?”

“एकाच.”

बाई ओरडल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले. एरवी त्या चहाचा कपसुद्धा फिरवून बघायच्या आणि विचारायच्या, “बाजू कुठली?” अशी खूळ लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. दिल्लीत आर. के. पुरमहून आम्ही एकाच बसने यायचो. एकदा त्यांनी माझी बांगडी उतरवून घेतली, तिच्यावर गोल फिरणारे बाण काढले आणि ती पेन्सिलीत ओवली.

“टोकाकडून बघा. बाण घड्याळासारखे फिरतात ना? आता पलटून ओवते. उलटे झाले. नुसत्या बांगडीला डावं-उजवं नाही, पेन्सिलीलाही नाही. ओवल्यावर येतं.”

“बाई, लोक बघताहेत.”

“बघू देत. फुकट शिकतील.”

असलेच ओवलेले, डोळ्यांना न दिसणारे रेणू त्या करायच्या. आपोआप निम्मे एका बाजूचे होतात, निम्मे दुसऱ्या. बाईंना दोन्ही बाजू वेगवेगळ्या हव्या होत्या. त्यात तीन वर्षं गेली, तेव्हा कुठे एका कुपीत डावे आणि दुसरीत उजवे जमले. मी ते एकमेकांत मिसळले असतील तर सगळं पाण्यात. काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते पाहुणे ठरवणार होते.

डावं-उजवं ओळखणारं एक दिव्याचं यंत्र होतं. बाईंनी पूड विरघळवून नळीत भरली. दिवा गुलाबी पेटला. तो पिवळा होईपर्यंत थांबावं लागतं.

शिपाई दारात आला. “मैडम, साहब लोग नीचे आ गए.”

“चाय पिलाओ. समोसे भी खिलाओ. गरम हैं बोलना, धीरे-धीरे खाएँ.”

दिवा पिवळा झाला. बाईंनी डोळा लावला, वही पाहिली, पुन्हा डोळा लावला. पहिली कुपी उजवी. आकडा वहीतला जुनाच, म्हणजे मिसळलं नव्हतं. दुसरी तेवढीच डावी.

त्या स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी पेला फिरवला नाही, तसाच प्यायल्या.

“आता नावं तुम्हीच लिहा. कागदी पट्टीवर, पेन्सिलीने. ती अ‍ॅसिटोनला भीत नाही.”

मी चौथी शिकलेली. ‘डा’ लिहिलं, ‘उ’ लिहिलं.

“अक्षर गचाळ आहे,” बाई म्हणाल्या, आणि तशाच कुप्या पाहुण्यांपुढे घेऊन गेल्या.

काम चालू राहिलं. बाई गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेल्या. कुप्या फ्रिजमध्ये आहेत, माझ्याच अक्षरातल्या. त्या दिवसातून बाई, मी आणि ती पूड वाचलो होतो. आता पूड आहे आणि मी आहे.