चटणीच्या भांड्यातलं सफरचंद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. निखिललाही नाही, आणि तो नवरा आहे, माझं रूट कॅनॉल, माझी ऑफिसातली भांडणं, सगळं त्याला पाठ आहे. आईला तर नाहीच. तुला का सांगतेय? तू मला ओळखत नाहीस म्हणून असेल. ओळखणाऱ्या माणसांपुढे माझी एक प्रतिमा आहे, आणि ती मी फार मेहनतीनं उभी केलेली आहे.

कुठून सुरू करू — प्युरीपासूनच करते.

ईशान सहा महिन्यांचा झाला आणि मी प्युरीच्या मागे लागले. मुलुंडला आमच्या सोसायटीत त्या वर्षी पाच बाळं होती, आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, आणि त्या वर्गाची मॉनिटर मी. कुणी नेमलं नव्हतं, मीच झाले. सफरचंद साल आणि बिया काढून इडलीपात्रात वाफवायचं. पेरही तसंच. चिकू पूर्ण पिकलेला, गाळून. रोज ताजं, साखर नाही, मीठ नाही. सगळ्याचे फोटो. बाजारातली तयार बाटली आणणाऱ्या एकीला मी ग्रुपवर जे लिहिलं होतं ते आठवलं की आजही कान गरम होतात. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही अर्धं सफरचंद हातात धरून चमच्यानं खरवडून भरवायचो. निखिल त्यावरच वाढला." मी नुसती हसायचे. कसलं हसू होतं ते तुला कळलंच असेल.

ईशानची त्वचा फार कोरडी होती, गालांवर आणि कोपरांच्या आत सारखे चट्टे उठायचे. त्यामुळे डॉक्टरांनी बजावलं होतं — शेंगदाणे, सुकामेवा मी सांगेपर्यंत अजिबात नको. झालं, मला नियम करायला निमित्तच मिळालं. त्याच्यासाठी मिक्सरचं वेगळं छोटं भांडं आणलं, त्याच्या दांड्याला लाल टेप लावली, आणि फ्रिजवर कागद चिकटवला: "लाल टेपचं भांडं फक्त बाळाचं." कागद माझ्या अक्षरात होता. हे लक्षात ठेव.

आता सुमनताई. ईशानला सांभाळायला त्या भांडुपहून यायच्या, सकाळी साडेआठला. मूळच्या जालन्याकडच्या. बौद्ध. हे मुद्दाम सांगतेय, कारण तेव्हाही मी ते मुद्दामच सांगत असे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी "आडनाव काय गं त्यांचं?" असं सहज विचारलं, तेव्हा मी त्यांना छोटंसं भाषण ऐकवलं होतं. सुमनताईंना डबा खायला आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसवलं. बुद्धपौर्णिमेला त्यांनी खीर आणली, ती सासूबाईंसमोर उभं राहून दोन वाट्या खाल्ली. खीर सुरेख होती. पण मी ती खिरीसाठी खाल्ली नव्हती, आणि मला वाटतं सुमनताईंना ते तेव्हाच कळलं असावं. त्यांनी आणखी हवी का, एवढंच विचारलं.

तो दिवस संकष्टीचा होता. सासूबाईंचा उपास, माझाही. दाण्याचं कूट संपलेलं, म्हणून सकाळी मी चटणीच्या भांड्यात दाणे फिरवले आणि साबुदाण्याची खिचडी टाकली. ईशानचं सफरचंद वाफवून तयार होतं. साडेनवाला माझी मीटिंग. लाल टेपचं भांडं घ्यायला गेले तर ते सिंकमध्ये, आदल्या दिवशीची चिकूची प्युरी वाळून पात्यांना चिकटलेली. भिजत घालायचं मीच विसरले होते.

काय करायला हवं होतं? पाच मिनिटं घासायला हवं होतं. किंवा सासूबाईंसारखं चमच्यानं खरवडून द्यायचं होतं. पण मला प्युरी हवी होती — गुळगुळीत, फोटोतल्यासारखी.

मी कुटाचं भांडं नळाखाली धरलं. साबण नाही. पाणी घालून एकदा गरगर फिरवलं, ओतलं. पात्यांच्या खाली तेलकट, तपकिरी अशी एक कड राहिली होती. ती मी पाहिली. पुन्हा सांगते — पाहिली. मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. आणि त्यावर सफरचंद टाकलं.

सासूबाई गणपतीच्या देवळात गेलेल्या. वाटी सुमनताईंच्या हातात देऊन मी बेडरूमचं दार लावून घेतलं.

दहा-पंधरा मिनिटांत दारावर थाप. मी हेडफोन लावलेले, हातानंच "नंतर" केलं. त्यांनी दार सरळ उघडलं. "वहिनी, उठा. बाळाचं तोंड सुजलंय." ओठ, डोळे, मानेवर लाल गांधी उठलेल्या. तो ओकला, आणि मग रडायचाही थांबला, ते जास्त भयंकर होतं. मी लॅपटॉपसमोर खिळून राहिले. चपला न घालता त्याला घेऊन खाली धावल्या त्या सुमनताई. रिक्षा त्यांनी थांबवली. मी मागून पर्स घेऊन आले, इतकंच.

नर्सिंग होममध्ये इंजेक्शन दिलं. तासाभरात सूज उतरायला लागली. आणि मग डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? शेंगदाणा, काजू, काही गेलं का पोटात?

मी म्हटलं, "नाही. फक्त सफरचंद."

बघ, मूल समोर पडलेलं होतं. डॉक्टरांना ते कळणं गरजेचं होतं, माझ्या मुलासाठीच गरजेचं होतं. आणि मला त्या क्षणी काय दिसत होतं? फ्रिजवरचा कागद. माझं अक्षर. निखिल तोपर्यंत ऑफिसातून येऊन शेजारी उभा होता. त्याच्यासमोर म्हणू, की मी आळस केला? सुमनताई पलीकडे बाकावर बसल्या होत्या, अनवाणी, ईशानचं झबलं मांडीवर घडी करत.

घरी आल्यावर मात्र मला भीतीनं धरलं. डॉक्टर सफरचंद बंद करायला सांगत होते, आणि मला ठाऊक होतं सफरचंद नव्हे. पुन्हा कधी दाणा पोटात गेला तर? त्यांना सांगायला तर हवं होतं. पण कसं?

वाट सासूबाईंनी काढून दिली. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सुमनच्या डब्यात रोज दाण्याची चटणी असते ना? सकाळी आल्यावर खाते ती. त्याच हातानं भरवलं असेल." त्यांच्या आवाजात जे होतं ते माझ्या ओळखीचं होतं, त्याविरुद्धच तर मी पहिल्या दिवशी भाषण दिलं होतं. आता तोच आवाज माझ्या कामाचा निघाला.

मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, आमच्या बाईंच्या डब्यात दाण्याची चटणी होती, हात नीट धुतले नसावेत. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत. पुढे तपासणी झाली आणि शेंगदाण्याचं नाव पक्कं झालं. ईशान सुरक्षित झाला, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुमनताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हात धुऊनच भरवते मी, आजी. साबणानं." मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. "धुतले होते… धुतलेच होते." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज बारीक झाला होता. एक वाक्य पुरलं असतं तिथे. माझ्याकडे ते होतं. मी काय बोलले सांगू?

"असू दे, सुमनताई. चुकून झालं असेल. माझा तुमच्यावर राग नाही."

मी त्यांना माफ केलं. त्या रडल्या, आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना खांद्याला धरून उठवलंसुद्धा. सासूबाई नंतर निखिलला म्हणाल्या, मन मोठं आहे हो हिचं.

त्यांना काढून टाकलं नाही, उलट तीन वर्षं ठेवलं. फक्त डबा घरात आणायचा नाही, असं ठरलं. निखिलनं सुचवलं, मी मान डोलावली. डबा वॉचमनच्या टेबलाखाली राहायचा, आणि दुपारी ईशान झोपला की त्या खाली जाऊन पंपरूमच्या शेजारच्या कट्ट्यावर जेवायच्या. वर येण्याआधी खालच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायच्या. आमच्या बाल्कनीतून ते दिसायचं. पावसाळ्यात त्या जिन्याखाली बसायच्या, तेही दिसायचं. चटणी त्यांनी दुसऱ्या दिवसापासूनच सोडली होती. नुसती भाकरी आणि कांदा. पुढची बुद्धपौर्णिमा आली नि गेली. खीर आली नाही, आणि मी विचारली नाही.

रोज सांगता आलं असतं, हे मला कळत होतं. हजार दुपारी मिळाल्या. तीन वर्षांत एकदाही ईशानच्या तोंडात चुकीचा घास गेला नाही, तो त्यांच्यामुळे. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर त्या मला वाचून दाखवायला लावायच्या. "वहिनी, नीट वाचा, दाणे नाहीत ना?" मी नीट वाचायचे.

ईशान आता पहिलीत आहे. सुमनताईंनी काम सोडलं, मुलीकडे राहतात, विक्रोळीला. त्याच्या वाढदिवसाला न चुकता फोन करतात. या खेपेला केला तेव्हा म्हणाल्या, नात झाली, सात महिन्यांची आहे, गेल्या महिन्यापासून वरचं सुरू केलंय, केळं, सफरचंद. मी म्हटलं, "मग काय, आजीच्या हातचं खात असेल."

त्या म्हणाल्या, "नाही वहिनी. मी नाही भरवत. मुलगी म्हणते, भरव, कामावर जायचंय मला. पण माझं मन होत नाही. शेजारणीला बोलावते मी. आपल्या बाळाचं झालं ना माझ्या हातानं, तेव्हापासून भीतीच बसलीय या हाताची."

फोन माझ्या कानाला होता. घरात कुणी नव्हतं. सासूबाई देवळात, निखिल आणि ईशान केक आणायला गेलेले. कुणीही ऐकलं नसतं, फक्त त्यांनीच ऐकलं असतं.

"हो," मी म्हटलं, "जपलेलं बरं."

नात आता अकरा महिन्यांची झाली असेल. तिला अजून शेजारीणच भरवत असेल.